स्वस्त तिजोरीचा मिनिटांचा हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एका ठरीव मजकुराची बातमी येऊ लागते. कुटुंब गावी गेलेले असते. बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरटे आत शिरतात. शयनगृहातील लोखंडी कपाट फोडून दागिने व रोकड मिळून अमुक लाखांचा ऐवज लंपास करतात. पोलिसांनी गुन्हा नोंदविलेला असतो आणि पुढील तपास चालू असतो. गाव बदलते, आकडा बदलतो, मजकूर बदलत नाही. अलीकडे मात्र अशा बातम्यांत एक नवे वाक्य अधूनमधून दिसते. चोरट्यांनी घरातील तिजोरीच उचलून नेली, हे ते वाक्य. जिने राखण करावयाची, तिनेच सारा ऐवज एके ठिकाणी गोळा करून चोराच्या हवाली करावा, यातील उपरोध त्या घरच्यांना जाणविण्याच्या मनःस्थितीत अर्थातच कोणी नसते.

घरफोडीकडे पोलिसी बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहण्याची रीत आहे आणि ती चुकीची नाही. परंतु तो तितकाच खरेदीचा, म्हणजे अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. २०१५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव २६ हजार रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. ज्या घरात लग्नकार्यांतून साठलेले दहा तोळे सोने होते, त्या घराने या दहा वर्षांत गुंजभरही नवे सोने घेतले नसले, तरी त्याच्याकडील ऐवज तीन लाखांवरून साडेअकरा लाखांच्या वर गेला. घराचे दार, दाराचे कुलूप आणि कपाटाचा पत्रा मात्र पूर्वीचाच राहिला. साहजिकच मध्यमवर्गीय गृहस्थ तिजोरीच्या दुकानाची पायरी चढू लागला आहे, आणि तेथे त्याचा पहिला प्रश्न असतो, परवडण्याजोगी कोणती? प्रश्नात गैर काही नाही. अडचण अशी की, दुकानदार पेटीची किंमत सांगतो. त्या किमतीत नेमके काय मिळाले ते सांगत नाही.

तिजोरी विकते ती मुख्यतः वेळ. न फुटणारी तिजोरी आजवर कोणी बनविलेली नाही. पुरेशी हत्यारे, पुरेसा एकांत आणि पुरेसा अवधी मिळाला, तर कोणतीही तिजोरी उघडते. तिचे काम इतकेच की, फोडण्यास लागणारा अवधी चोरापाशी असलेल्या अवधीहून लांबवावा. जुन्या घरांनी हा अवधी निराळ्या रीतीने लांबविला होता. उतरंडीच्या तळच्या मडक्यात, माजघराच्या भिंतीतील कोनाड्यात, धान्याच्या कणगीत किंवा जमिनीत पुरलेल्या हंड्यात ऐवज असे. चोराला फोडण्याचे श्रम थोडे, शोधण्याचे फार. शिवाय एकत्र कुटुंबाचे घर सहसा रिकामे पडत नसे. दोघे नोकरीला, मुले शाळेत आणि आजी-आजोबा गावी, असे दिवसाचे आठ-आठ तास कुलूपबंद असणारे घर ही अलीकडची निर्मिती आहे.

अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ पासून तिजोऱ्या बनविण्यास आरंभ केला. अशा जड तिजोऱ्या पेढीवाल्याने, सराफाने वा सावकाराने घ्याव्या; सामान्य घरात तिचे धाकटे भावंड, म्हणजे पोलादी कपाट आले. ते कोणत्याही कारखान्याचे असो, मराठी घरात त्याला ‘गोदरेज’ म्हटले गेले आणि त्याच्या पोटातील कुलपाच्या कप्प्याला ‘लॉकर’ म्हणण्याचा प्रघात पडला. या एका शब्दाने फार मोठा गैरसमज पोसला. तो लॉकर म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा पत्रा आणि एक साधे कुलूप. कटावणीपुढे ते काही क्षणांचे काम. कपाट बनविले होते ते कपड्यांसाठी. दागिन्यांची जबाबदारी त्याच्यावर केवळ नावामुळे येऊन पडली.

आज ‘परवडणारी तिजोरी’ म्हणून जी विकली जाते ती पाच हजारांपासून पंधरा-वीस हजार रुपयांपर्यंतची, दारावर आकड्यांच्या कळा असलेली छोटी पोलादी पेटी. तिचे रूप भारदस्त असते. मात्र तिच्या वजनाचा हिशेब कोणत्याही गृहस्थाने घरबसल्या करून पाहावा. पेटी तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि वीस उंच असेल, तर तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ०.३२ चौरस मीटर भरते. दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे १५.७ किलो. म्हणजे पेटी झाली पाच किलोची. दार दुप्पट जाड असले तर आणखी एक किलो. सहा किलो पोलाद! वाण्याच्या दुकानातून आणलेली दहा किलो गव्हाची पिशवी याहून जड. अशी पेटी नुसती कपाटात ठेवून दिली, तर घरातील मोलाचे सगळे कोठे आहे हे ती चोराला सांगते आणि शिवाय काखोटीला मारून नेण्याची सोयही करून देते. फोडाफोडी मग शांतपणे, दुसऱ्या जागी, कितीही वेळ करता येते. तिने मिळवून दिलेली मिनिटे शून्य.

म्हणून परवडणाऱ्या पेटीच्या बाबतीत पत्र्याच्या जाडीइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व तिच्या बोल्टांना आहे. पेटीच्या तळाला किंवा पाठीला त्यासाठी भोके ठेवलेली असतात, बोल्टही सोबत मिळतात. आणि पुष्कळ घरांत ते प्लास्टिकच्या पिशवीत, दागिन्यांशेजारी, पेटीच्या आतच सुखाने नांदत असतात. नव्या फरशीला भोक पाडायचे कोणाच्या जिवावर येते. घर भाड्याचे असले तर मालक परवानगी देत नाही. सुताराने मग पेटी प्लायवूडच्या फळीला आवळून दिलेली असते, किंवा चार इंची विटांच्या आडभिंतीत. फळी आणि भिंत दोन्ही कटावणीच्या झटक्याने सोडतात. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये घट्ट बसविलेली आणि दोन्ही अंगांना भिंत येईल अशी कोपऱ्यात ठेवलेली पेटी ही गोष्ट वेगळी. तेथे कटावणीला लाग मिळत नाही, ओढायला हात मागे नेता येत नाही. आठ हजारांची अशी पेटी मोकळ्या ठेवलेल्या वीस हजारांच्या पेटीहून अधिक मिनिटे देते. दुकानात हा फरक दिसत नाही, कारण तो दुकानात नसतोच.

मिनिटांचा हा हिशेब काही कल्पनेतला नाही. त्याच्या रीतसर कसोट्या जगात रूढ आहेत. सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील, बंदुका ठेवण्याच्या पोलादी कपाटांचे. तेथे घरोघरी बंदुका आहेत आणि त्या ठेवण्याच्या तिजोऱ्यांचा मोठा धंदा आहे. परवडणाऱ्या वर्गातील बहुसंख्य कपाटांना अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी-संस्थेच्या ‘निवासी सुरक्षा पेटी’ या कसोटीचा शिक्का असतो. कसोटी अशी: एक माणूस, हातोडी, छिन्नी, पेचकस आणि अठरा इंचांहून लांब नसलेली कटावणी, हल्ल्याची वेळ पाच मिनिटे. तेवढ्यात कपाट उघडले नाही तर ते उत्तीर्ण. चकचकीत रंगाच्या, भिंतीएवढ्या त्या कपाटाची हमी पाच मिनिटांची आहे! त्याच्या वर यांत्रिक हत्यारांनिशी केलेल्या पंधरा मिनिटांच्या व तीस मिनिटांच्या हल्ल्याच्या कसोट्या आहेत. पण ती कपाटे वजनाने आणि किमतीने सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातात. अमेरिकन गिऱ्हाईक सगळेच शहाणे असते असे नव्हे. आपण पाच मिनिटे विकत घेतली हे त्याला कळण्याची सोय मात्र आहे.

त्या देशात हा विषय इतक्या बारकाईने का पाहावा लागतो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खाजगी व्यक्तींकडून दहा लाखांहून अधिक बंदुका चोरीस गेल्याची नोंद तेथील सरकारी अहवालात आहे. चोरलेली पाटली आटविली जाते आणि हानी घरधनिणीपुरती राहते. चोरलेली बंदूक दुसऱ्या गुन्ह्यात वापरली जाते. मालकाने पेटीवर वाचविलेल्या पैशांची किंमत भलताच कोणी मोजतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात, आणि असा परिणाम असतो तेथे खरेदीदाराच्या मर्जीवर सारे सोडून चालत नाही. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्याने शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावयाची असते. महाराष्ट्रात असे परवानाधारक थोडे असले तरी ज्यांच्या घरी पिस्तूल किंवा बारा बोअरची बंदूक आहे, त्यांनी ती साड्यांच्या घडीखाली ठेवू नये, एवढे तरी या अनुभवावरून म्हणता येते.

ब्रिटनमधील पद्धत आणखी व्यवहारी आहे. तेथे पेटीचा दर्जा रुपया-आण्यांत, म्हणजे त्यांच्या पौंडांत सांगतात. ‘एस-१’ दर्जाच्या पेटीत रोख रक्कम दोन हजार पौंडांपर्यंत, ‘एस-२’ मध्ये चार हजारांपर्यंत. दागिने असल्यास त्याच्या दहापट, असे विमा व्यवसायातील संकेत आहेत. पेटीची योग्यता ठरविताना जो भरपाई देणार त्याचे मत प्रमाण मानले जाते, हे यातील मर्म. आपल्याकडेही तिजोऱ्यांसाठी ‘आयएस ५५०’ हे भारतीय मानक आहे आणि त्यात घरफोडीच्या व आगीच्या कसोट्या स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत. परंतु घरगुती छोट्या पेट्यांच्या खोक्यावर वाचावयास सहसा काय मिळते? रंग, बॅटऱ्यांची संख्या, हमीची वर्षे आणि किती लिटर. तिजोरी आणि दुधाची कासंडी एकाच मापाने विकली जावी, याचे विक्रेत्याला काही वाटत नाही आणि खरेदीदारालाही नाही.

घरफोडी आणि आग या कसोट्या वेगळ्या असण्याला कारण आहे, आणि खरेदीत येथेही फसगत होते. आगीपासून राखणाऱ्या पेटीत दोन पातळ पत्र्यांमध्ये उष्णतारोधक द्रव्य भरलेले असते. ती जड भासते, पण कटावणीला विरोध करण्यासाठी ती बनविलेलीच नसते. कागद दोनशे अंश सेल्सियसच्या अलीकडेच करपू लागतो, सोने वितळण्यास १,०६४ अंश लागतात. खरेदीखत, सात-बारा आणि विम्याची कागदपत्रे यांची गरज एक, बांगड्यांची दुसरी. दोन्ही एकाच पेटीत कोंबून दोन्हींची सारखीच राखण होईल अशी अपेक्षा परवडणाऱ्या किमतीत पुरी होत नाही.

कुलपाविषयी थोडक्यात. आकड्यांचे कुलूप किल्लीच्या कुलपाहून श्रेष्ठ असते हा समज आहे; स्वस्त पेट्यांत ते पुष्कळदा उलट असते. काही हलक्या कुलपांची कळ नुसत्या धक्क्याने सुटते. कारखान्याने घातलेला मूळ संकेतांक बदलायचा राहून जातो. आणि बॅटरी उतरल्यास वापरावयाची आपत्कालीन किल्ली देवघरामागच्या खिळ्याला टांगलेली असते, जेथे पाहण्याचे चोराला शिकवावे लागत नाही. याच्या उलट टोकाला असलेली घरेही कमी नाहीत. त्यांत संकेतांक केवळ कर्त्या पुरुषाला ठाऊक असतो. आतले सोने मात्र पत्नीचे, तिच्या माहेरून आलेले. स्वतःचे स्त्रीधन पाहण्यासाठी स्त्रीने नवऱ्याची परवानगी मागावी, याला चोरीपासून संरक्षण म्हणता येणार नाही.

या सगळ्या उपद्व्यापापेक्षा बँकेचा लॉकर बरा, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. बँकेच्या तळघराच्या भिंतीला जी मिनिटे आहेत ती कोणत्याही घरगुती पेटीला नाहीत. तरीही २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथे शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून चोरट्यांनी एका बँक शाखेचे तीस लॉकर फोडले. त्यानंतर ग्राहकांना कळले की, लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते आणि म्हणून त्याची जबाबदारीही ती सहज घेत नाही. कोलकात्याच्या एका लॉकरधारकाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी बँकांना हात झटकता येणार नाहीत असे बजावले आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. १८ ऑगस्ट २०२१ रोजी ते जाहीर झाले व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. भूकंप-पुरासारख्या आपत्तीत तीही नाही. भाडे दोन हजार रुपये असेल तर भरपाईची कमाल मर्यादा दोन लाख. आणि आतील दहा तोळे सोने, वर म्हटल्याप्रमाणे, साडेअकरा लाखांच्या वरचे. गावोगावच्या काही पतसंस्थाही लॉकर देतात. त्यांवर नियंत्रण सहकार खात्याचे असते, रिझर्व्ह बँकेचे नव्हे. सबब शंभर पटींचा हा नियम त्यांना लागू नाही, हे किती सभासदांना माहीत असते?

तेव्हा वर्षातून दोनदा अंगावर येणारे दागिने लॉकरात आणि रोजच्या वापरातले घरच्या पक्क्या आवळलेल्या पेटीत, ही विभागणी शहाणपणाची. मात्र लग्नसराईत लॉकरातले सारे घरी येते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेले तरी असते किंवा कुलूपबंद तरी. पेटी घ्यायची ती रोजच्या दोन तोळ्यांच्या हिशेबाने नव्हे, त्या आठवड्याच्या हिशेबाने.

विम्याकडे आपला समाज अद्याप वळलेला नाही. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत मुख्य भर आग आणि तत्सम आपत्तींवर आहे; एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेही घेतले तरी एक अट डोळ्यांआड होते. घरफोडी म्हणजे बळाचा वापर करून झालेला प्रवेश, हा पॉलिसीतील अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली उचलून धरलेला आहे. कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने चोर आत आला, तर दावा अडण्याची शक्यता मोठी. त्यातून जुन्या दागिन्यांच्या पावत्या नसतात, आणि मूल्यांकन करून घेण्याची लोकांना भीती वाटते. प्राप्तिकर खात्याच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना ११ मे १९९४ रोजी निघाली होती. लोकांनी तिचा अर्थ, एवढेच सोने बाळगता येते, असा लावला. ती मर्यादा जप्तीपुरती आहे, मालकीची नाही. या गैरसमजापायी कित्येक घरे आपला ऐवज कागदावरच आणीत नाहीत. आणि जो कागदावर नाही त्याचा विमा कोठून होणार?

पेटीवर किती खर्च करावा, याचे सोपे गणित मांडता येते. समजा घरात दहा लाखांचे दागिने आहेत आणि वर्षभरात घर फुटण्याची शक्यता पाचशेत एक आहे. म्हणजे सरासरी अपेक्षित हानी वर्षाला दोन हजार. पंधरा हजारांची, पंधरा वर्षे टिकणारी पेटी वर्षाला हजार रुपयांना पडते. तिने हानीची शक्यता निम्म्यावर आणली तर खर्च भरून निघाला. न आवळलेल्या सहा हजारांच्या पेटीने शक्यता तसूभर कमी होत नाही; ती या हिशेबाने सर्वांत महाग. गणित बरोबर असले तरी सरासरीवर फार विसंबू नये. पाचशे घरांपैकी ज्या एका घरावर पाळी येते त्याचे दोन हजार जात नाहीत, सगळेच जाते. रिक्षाचालकाच्या किंवा अल्पभूधारकाच्या घरातील तीन तोळे म्हणजे हौस नसते; पेरणीला, शाळेच्या फीला, दवाखान्याला तारण ठेवायचे ते त्याचे भांडवल असते. सोने गेले की त्याची पतही गेली आणि पुढच्या अडचणीला सावकाराचे दार उघडले. नेमक्या याच घराला पंधरा हजारांची पेटी जड जाते आणि भाड्याच्या खोलीत बोल्ट ठोकण्याची मुभाही नसते.

यातला एक भाग सरकारच्या आवाक्यातला आहे आणि त्याला पैसा लागत नाही. २००६ पासून शीतकपाटावर विजेच्या बचतीचे तारे छापले जाऊ लागले; आज कोणतीही गृहिणी ते मोजून खरेदी करते. हातहत्यारांपुढे किती मिनिटे टिकली, पत्रा किती मिलिमीटरचा, आवळल्यावाचून वजन किती आणि आगीसाठी आहे की चोरीसाठी, एवढ्या चार गोष्टी ‘तिजोरी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती पेटीवर मराठीत छापण्याची सक्ती मानक संस्थेला आणि ग्राहक खात्याला करता येईल. ज्या पेटीची चाचणीच झालेली नाही, तिच्यावर तसे छापावे आणि ती ‘पेटी’ म्हणून खुशाल विकावी. गृहनिर्माण संस्थांनाही नव्या इमारतीत प्रत्येक सदनिकेच्या एका कोपऱ्यात, स्लॅब ओततानाच, चार बोल्टांची जागा ठेवून घेता येईल. बांधकामाच्या खर्चात तो आकडा दिसणारही नाही, आणि भाडेकरूला घरमालकाची विनवणी करावी लागणार नाही.